प्रयागबाईची राख

प्रयागबाई गेली तेव्हा द्वारकाबाई तिला पेज भरवत होती. चमचा ओठांशी नेला, पण पेज हनुवटीवरून खाली ओघळली. द्वारकाबाईनं पदरानं आईचं तोंड पुसलं, वाटी बाजूला सारली आणि नवऱ्याला हाक मारली, "अवं, आत या. आई गेली."

निमगाव केतकीच्या बाहेर, पाटाच्या कडेला अप्पांचा पानमळा होता आणि मळ्यातच घर. हातातली पानांची पाटी ठेवून अप्पा आत आले. सासूच्या नाकाशी हात धरून बघितला आणि तिथंच उकिडवे बसले. जरा वेळानं म्हणाले, "बापूला सांगाया पायजे."

"काय नड हाय?"

"असं कसं? लेक हाय त्यो. आग कुणी द्यायची?"

"तुमी द्या. चार वर्सं तिला उचलून भाईर नेली, परत आत आणली, ती तुमीच."

अप्पांना भांडण नको असायचं. सडकेवर जाऊन त्यांनी बारामतीच्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला आणि बांबूच्या तजविजीला लागले.

बापू म्हणजे बापूसाहेब, द्वारकाबाईचा पाठचा भाऊ. बारामतीत त्याची गुळाची अडत होती. माणूस बोलायला गोड, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारा. त्या साली लोकल बोर्डाच्या निवडणुकीला तो उभा होता आणि मतदान पंधरवड्यावर आलं होतं. चार वर्षांमागं आईला अर्धांग झालं, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हा त्यानं तिला गुळाच्या रिकाम्या ट्रकमधून निमगावला आणून सोडलं. "थोडं दिवस ठेव, आक्का. घरात पाव्हण्यारावळ्यांची वर्दळ हाय," म्हणाला. ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. मधे एकदा इंदापूरच्या कचेरीला जाताना तो आला होता. अंगणात, पायात बूट तसेच ठेवून उभा राहिला. त्याला बघून प्रयागबाईनं घशातून आवाज काढला, डावा हात उचलला. "बरं चाललंय न्हवं?" एवढं विचारून तो जीपमध्ये बसला. संध्याकाळपर्यंत प्रयागबाईचा हात दाराकडे उचललेलाच होता. द्वारकाबाईनं तो चार वेळा खाली ठेवला.

ताटी बांधून झाली होती, न्हाणं झालं होतं, गावातली माणसं जमली होती, तेवढ्यात जीप आली आणि तिच्या मागं ट्रक. बापूसाहेब उतरला. माणसं बघितली आणि तिथूनच "आईऽऽ" म्हणून त्यानं हंबरडा फोडला. दोघांनी त्याला धरून आत आणलं. आईच्या पायावर डोकं ठेवून तो इतका रडला, की म्हाताऱ्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. मग तो उठला, डोळे पुसले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "रमाकांत, ट्रक मागं घ्यायला सांगा."

द्वारकाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "ट्रक कशाला?"

"आईला बारामतीला न्यायची. माझ्या दारातनं निघंल ती."

"जिती व्हती तवा तुजं दार सापडलं न्हाय व्हय तिला?"

"आक्का, चार माणसांत..."

"चार माणसांतच इचारते."

बापूसाहेबानं गावातल्या वडीलधाऱ्यांकडे तोंड केलं आणि हात जोडले. "तुमीच सांगा, तात्या. लेकानं आईला आपल्या घरून पोचवावी का पाव्हण्याच्या?" तात्यांनी अप्पांकडे बघितलं, अप्पांनी खाली. "लेकाचा हक हाय बाई," तात्या म्हणाले. झालं. माणसांनी ताटी उचलून ट्रकमध्ये ठेवली. द्वारकाबाईनं चाकावर पाय दिला, फळीला धरलं आणि वर चढून आईच्या उशाशी बसली. बाईमाणसानं मसणात जायचं नसतं असं कुणीतरी म्हणालं. ती उतरली नाही. मग अप्पाही चढले.

बारामतीत तो बाजाराचा दिवस होता. गावाबाहेरच ट्रक थांबवला. केळीचे खुंट बांधले, कर्णा बसवला, झेंडूच्या माळा चढवल्या. बापूसाहेबाची बायको टांग्यातून रेशमी लुगडं घेऊन आली आणि ते प्रयागबाईवर पसरलं. द्वारकाबाईनं आईला तिच्या नेहमीच्या मऊ लुगड्यात गुंडाळलं होतं, ते खाली दिसेनासं झालं. एक फोटोवाला फळीवर चढला. "तोंडावरचं जरा काढा. साहेब, तुम्ही इकडून वाका. अजून थोडं," असं सांगून त्यानं फोटो काढले. प्रयागबाईचा जन्मात कधी फोटो निघाला नव्हता.

मग ट्रक पेठेतून निघाला. कर्ण्यातून रमाकांत सांगत होता, बापूसाहेबांच्या मातोश्रींची अंत्ययात्रा, दर्शन घ्या. आईच्या पायथ्याशी उभा राहून बापूसाहेब डावी-उजवीकडे हात जोडत होता. मान किती लववायची, कुणाकडे बघून डोळे मिटायचे, हे त्याला बरोबर जमत होतं. धान्याच्या पेठेपाशी तो खाली उतरला. तिथं एका गावचे पाटील आपल्या माणसांना घेऊन उभे होते. बापूसाहेबानं त्यांना मिठी मारली. द्वारकाबाई वर, हाताच्या अंतरावर होती. तिला सगळं ऐकू आलं.

"पाटील, आई गेली हो माझी."

"वाईट झालं."

"तुमच्या गावाचं काय? परवा म्हणालात, कळवतो."

"बघू की. हे उरकू द्या."

"हे काय, उरकलंच. लक्ष असू द्या म्हणजे झालं."

द्वारकाबाईनं आईच्या तोंडावरचा कपडा नीट केला. तिला वाटलं, आईच्या कानावर हात ठेवावेत.

कऱ्हेच्या काठावर चिता रचून तयार होती. बाजारातली माणसं मागोमाग आली होती. ताटी चितेवर ठेवल्यावर बापूसाहेबानं आग द्यायची, तर तो ओट्यावर चढला आणि रमाकांतनं बोलायचा भोंगा त्याच्यापुढे धरला.

"बंधू-भगिनींनो," बापूसाहेब म्हणाला, "बोलवत नाही. पण आईची आज्ञा म्हणून बोलतो. जाताना माउलीनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, बापू, मला काही नको. या भागातल्या गोरगरिबाला अंतर देऊ नको. त्यांच्या शेताला पाणी आण. एवढं बोलली आणि..."

"खोटं हाय!"

तिथं बाईमाणूस म्हणून द्वारकाबाई एकटीच होती, त्यामुळं आवाज कुणाचा हे सगळ्यांना कळलं. ती पुढं आली. "चार वर्सं तिच्या तोंडातनं शबुद न्हाय निघाला. वाचा गेली व्हती तिची. ह्यो तिच्यापाशी कवा बसला, इचारा त्याला. सकाळी ती माझ्या हातावर मेली, तवा ह्यो कुठं व्हता, इचारा!"

रमाकांतच्या हातातला भोंगा खाली आला. बापूसाहेब मात्र ओट्यावरून उतरला, सरळ द्वारकाबाईकडे गेला आणि तिचं डोकं छातीशी धरलं. घट्ट धरलं. भोंग्यासाठी हात मागं केला.

"ही माझी थोरली बहीण. हिनं आईची सेवा केली, माझ्या कातड्याचे जोडे केले तरी ते फिटायचं नाही. खरं बोलते ती. आईची वाचा गेली होती. पण मला सांगा, आईला लेकाशी बोलायला जीभ लागते का?"

"न्हाय!" मागून कुणीतरी म्हणालं. मग दहाजणांनी म्हटलं. एक म्हातारा डोळे पुसायला लागला.

बापूसाहेबानं भोंगा बाजूला केला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "गप ऱ्हायचं आता. माणसं बघत्यात."

त्यानं हात सोडला तेव्हा तिच्या मानेवर बोटं उमटली होती. चिता पेटली. फोटोवाला धुराच्या उलट बाजूला जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी ती आणि अप्पा बापूसाहेबाच्या घरी थांबली, कारण शेवटची गाडी गेली होती. द्वारकाबाई मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. सोप्यात बापूसाहेब आणि रमाकांत चहा पीत होते. दार उघडंच होतं. तिच्यापासून लपवावं असं त्यांना वाटलं नसावं.

"परवा सावडायचं," रमाकांत म्हणाला. "लगेच कलश काढू. एक नीरेच्या बाजूला, एक माळेगावकडं, एक इंदापूर रस्त्याला. गावोगाव दर्शनाला ठेवायचा. मतदानापर्यंत सगळा गट फिरून होतो."

"एकच फिरवला तर?"

"वेळ पुरायचा नाही, साहेब. तीन पाहिजेत."

"मग तीन करा. इंदापूरच्या गाडीत आक्काला बसवा. तिकडं तिला माणसं ओळखत्यात. रडली तरी चांगलं दिसंल."

द्वारकाबाई उठून अंगणात अप्पांकडे गेली आणि ऐकलेलं सांगितलं. तिला वाटलं, हे नेहमीसारखं म्हणतील, जाऊ दे, मोठी माणसं हायती. अप्पांनी तोंडातली विडी काढली.

"आईचं तीन वाटं?" ते म्हणाले. "गुळाच्या ढेपीवाणी?"

"व्हय."

"उजाडलं की जाऊ." त्यांनी विडी विझवली. "ह्यांच्या हाताला लागू द्यायची न्हाय ती."

सकाळी कोवळ्या उन्हात दोघं नदीवर गेली. चिता खाली बसली होती, पण राखेच्या पोटात अजून धग होती. सावडायला एक दिवस लवकर होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. अप्पांनी बापूसाहेबाच्याच घरची घागर आणली होती. त्यांनी नदीचं पाणी आणून ओतलं, वाफ निघाली, परत ओतलं. द्वारकाबाईनं हातानं अस्थी वेचल्या. अप्पांच्या तळव्याला चटका बसला, त्यांनी तो कमरेला पुसला आणि वेचत राहिले. अस्थी आणि त्यांच्याजवळची राख त्यांनी अप्पांच्या उपरण्यात बांधली. उरलेली राख घागरी ओतून ओतून नदीत सोडली. जागा सारवल्यासारखी झाली. घागर तिथंच काठावर ठेवून ती दोघं गाडीतळावर गेली.

इंदापूरला उतरून ती पुढं बैलगाडीनं नरसिंगपूरला पोचली. तिथं नीरा आणि भीमा मिळतात. अप्पा कंबरेएवढ्या पाण्यात गेले. घाटावरच्या भटजींनी जे म्हणायचं ते म्हटलं. उपरणं मोकळं झाल्यावर अप्पांनी ते पिळलं आणि वळून बघितलं, तर द्वारकाबाई पायरीवर बसून मोठ्यानं रडत होती. घरी रडली नव्हती, कऱ्हेवर रडली नव्हती. अप्पा ओल्या धोतरानं शेजारी बसून राहिले. तिला गप राहा असं म्हणाले नाहीत.

सावडण्याच्या दिवशी बापूसाहेब तांब्याचे तीन कलश, हार आणि पन्नासेक माणसं घेऊन कऱ्हेवर गेला. जागा स्वच्छ बघून त्याला एका क्षणात सगळं समजलं. पण तो माणूस असा, की मागं वळला तो हात जोडूनच. "पहाटेच सावडून घेतलं, मंडळी. आपल्याला तसदी नको म्हणून. आता फक्त नदीला नमस्कार करायचा," म्हणाला. कलश झाकूनच परत गेले. दुपारी त्याचा एक माणूस माळेगावच्या वाटेवरच्या गुऱ्हाळावर गेला आणि चुलवणातून पोतंभर राख घेऊन आला.

आठवड्याच्या बाजाराला निमगावात कर्णा आला. देवळापुढच्या पारावर टेबल मांडलं, त्यावर पांढरं कापड, त्यावर हार घातलेला कलश. कलशाशेजारी आईचा फोटो होता, बापूसाहेब तिच्यावर वाकलेला. या गावाला बापूसाहेब स्वतः आला होता. बाजाराला आलेली माणसं पायताणं काढून रांगेनं पुढं जात होती, कलशाला हात लावून तो कपाळाला लावत होती. रमाकांत प्रत्येकाच्या हातात एक कागद देत होता.

द्वारकाबाई पानांची पाटी घेऊन बाजारात बसली होती. शेजारी छबूबाई होती, बांधाला बांध असलेल्या मळ्यातली. नरसिंगपूरचं तिला माहीत होतं.

"द्वारके, त्यात काय हाय गं मग?"

"तेच बघते," द्वारकाबाई म्हणाली आणि पाटीतला पाणी शिंपडायचा पितळी तांब्या घेऊन उठली.

तिला येताना बघून बापूसाहेब टेबलाच्या पुढं आला. चेहरा दुःखी ठेवून हळू आवाजात म्हणाला, "आक्का, झालं ते झालं. दर्शन घे आन् जा. मळ्याला पाणी पाटाचंच हाय तुमच्या. ध्यानात ठेव."

"कुणाची राख हाय ही?"

"राख ती राख. लोकांचा भाव हाय."

"बाजूला हो."

तो झाला नाही. पण रांगेतल्या बायकांनी बहीण आली म्हणून वाट करून दिली, आणि सगळ्यांच्या देखत तिला ढकलणं त्याला शक्य नव्हतं. तिनं कलशावरचा नारळ उचलून टेबलावर ठेवला. आत हात घातला. मूठ बाहेर काढून उन्हात उघडली. काळी, हलकी राख होती, तिच्यात उसाच्या चिपाडाचे अर्धवट जळके तुकडे होते. द्वारकाबाई पाराच्या पायरीवर बसली, ती राख तांब्यावर टाकली आणि तांब्या घासायला लागली.

बायका किंचाळल्या. "अगं, आईची राख ती!" तात्या काठी टेकत पुढं आले. "द्वारके! येडी झालीस का?"

"आईची राख अप्पांनी नि म्या नरसिंगपूरला सोडली, तात्या. घाटावरच्या भटजींनला इचारून या." ती घासतच होती. "ही चुलवणाची हाय. हितं निम्म्या गावानं गुऱ्हाळ केलंय. हात घाला आन् बघा की. चुलीची राख भांडी घासायलाच असती, दुसरं काय करायचं तिचं?"

तात्यांनी बापूसाहेबाकडे बघितलं. "काय रं?"

"दुःखानं डोकं फिरलंय तिचं," बापूसाहेब म्हणाला. या वेळी कुणी मान हलवली नाही. तात्यांनी कलशात बोटं घातली, चिपाडाचा तुकडा काढला, डोळ्यांजवळ नेला. मग खाली टाकून त्यांनी हात धोतराला पुसला. ज्यांनी मघाशी कलशाला लावलेला हात कपाळाला लावला होता, ते कपाळ पुसायला लागले. एकानं रमाकांतचा कागद त्याच्याच अंगावर फेकला. "आमच्याकडनं चुलीला हात जोडून घेतोस व्हय!" असा कुणाचा तरी आवाज आला आणि टेबल कलंडलं. पुढं काय झालं असतं सांगता येत नाही. ड्रायव्हरनं जीप पाराला आणून लावली, बापूसाहेब आणि रमाकांत चढले आणि जीप बाजारातून भोंगा वाजवत निघून गेली. फोटो पारावर राहिला. अप्पांनी तो उचलला, घरी नेऊन मधोमध कापला. प्रयागबाईचा तेवढा अर्धा भाग त्यांनी भिंतीला लावला.

पण निमगाव म्हणजे काही सगळा गट नव्हे. बाकी दोन कलश बाकीच्या गावांतून फिरत राहिले आणि माणसं त्यांच्या पाया पडत राहिली. निमगावची बातमी कुठं पोचली, कुठं नाही. पोचली तिथंही विरोधी माणसांनी उठवलीय म्हणून सांगितलं गेलं. बापूसाहेब निवडून आला. निमगावातून त्याला फारच थोडी मतं पडली, एवढंच.

उन्हाळ्यात अप्पांच्या मळ्याच्या पाण्याची पाळी चुकायला लागली. एकदा पाटाचा फाटा दुरुस्तीला काढला, एकदा पाळी वरच्या माणसाला गेली. अप्पा कचेरीत हेलपाटे घालत राहिले. तिथं एकानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मेंबरांना जाऊन भेटा. बाईंना घेऊन जा. पाया पडल्या की मिटलं."

अप्पांनी हे घरी येऊन सांगितलं ते विहिरीवर मोट सोडताना.

"जायाचं का?" द्वारकाबाईनं विचारलं.

"मी फकस्त सांगितलं, ते काय म्हनले ते."

"मळा वाळंल."

"निम्मा वाळंल. विहिरीवर निम्मा निघंल." अप्पांनी बैल वळवले. "पाया पडायला न्हाय जायाचं."

निम्मा मळा वाळला. वेली पिवळ्या पडल्या, मग काळ्या झाल्या. द्वारकाबाईनं त्या स्वतःच्या हातानं उपटल्या आणि पाऊस झाल्यावर तिथं कांदा लावला.

पुढच्या साली छबूबाईचा सासरा वारला. गावातलं मोठं घर, म्हणून मेंबर आले. जीप सडकेला लावून बापूसाहेब हात जोडून उभा राहिला. रमाकांत हार घेऊन मागं होता. ताटी निघाली, सडकेवर आली, त्याच्यापुढं आली. धरणाऱ्यांनी पाय उचलला. कुणी थांबलं नाही, कुणी खांदा बदलला नाही, हार घालायला कुणी ताटी खाली घेतली नाही. दोघंतिघं मात्र त्याच्याकडं गेले. त्यातल्या एकाच्या मुलाला त्याच्या ओळखीनं नोकरी लागली होती. "चला साहेब, चहा घ्या," ते म्हणाले.

द्वारकाबाई दारात बायकांत उभी होती. बापूसाहेबाची नजर तिच्यावर गेली. त्यानं हात जोडले, सवयीनं जोडले गेले असावेत. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, मग छबूबाईच्या सासूला खांद्याला धरलं आणि आत नेलं. म्हातारीनं सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं.